कंबर आखडते आहे आणि बाळ हवं आहे

अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस असलेल्या तरुण मुली जे प्रश्न विचारतात, त्यांतला पहिला प्रश्न बहुतेक वेळा ठरलेला असतो: 'गोळ्या कधी बंद करू?' अनेकींनी विचारण्याआधीच त्याचं उत्तरही देऊन टाकलेलं असतं. तपासणीच्या पट्टीवर दोन रेघा दिसल्या आणि त्याच दिवशी औषधांचा डबा माळ्यावर गेला. मग पाचव्या महिन्यात पहाटे कूस बदलायलाही नवऱ्याला उठवावं लागतं, तेव्हा विचारणा होते.

माझं म्हणणं आधीच सांगते. औषध घेणं हा जसा निर्णय, तसा औषध बंद करणं हाही निर्णयच आहे. आजार चिघळलेला असेल तर दिवस भरण्याआधी प्रसूती होण्याची किंवा बाळाचं वजन कमी भरण्याची शक्यता थोडी वाढते. आईची झोप, चालणं, खाणंपिणं बिघडतं ते वेगळंच. काही औषधं खरोखरच आधी थांबवावी लागतात, आणि काही पूर्ण नऊ महिने चालतात. कोणतं औषध कोणत्या गटातलं, हे तुम्हाला दिवस राहण्याआधी माहीत हवं. मी डॉक्टर नाही. हा आजार अंगावर घेऊन एक बाळंतपण पार पाडलेली आणि गेली काही वर्षं या विषयावर लिहिणारी बाई आहे. डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा काय विचारायचं, याची तयारी या लेखातून व्हावी एवढीच इच्छा आहे.

नावातला घोळ आधी सोडवा

आपल्याकडे मान दुखली, गळ्याला पट्टा लागला, की 'स्पाँडिलायटिस झालाय' म्हणतात. ती बहुधा वयोमानाने होणारी मणक्यांची झीज असते. तिचं नाव स्पाँडिलोसिस. आपण ज्याबद्दल बोलतोय त्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मणक्यांवर आणि कमरेच्या तळाशी असलेल्या दोन सांध्यांवर सूज आणते. या सांध्यांना डॉक्टर 'एसआय जॉइंट' म्हणतात. हा तरुणपणीचा आजार आहे, आणि तो फक्त पुरुषांचा आजार ही समजूत आता मागे पडली आहे. त्याच्या खुणा अशा:

- दुखणं चाळिशीच्या आत, हळूहळू सुरू झालेलं आणि तीन महिन्यांहून जुनं असतं.
- सकाळी अर्धा तास किंवा त्याहून जास्त वेळ कंबर आखडलेली राहते.
- पडून राहिलं की वाढतं, हिंडलं-फिरलं की सैल होतं.
- उत्तररात्री दुखण्याने जाग येते.
- कधी डावा कुल्ला दुखतो, कधी उजवा.

गर्भारपणात सगळ्यांनाच होणारी कंबरदुखी याच्या नेमकी उलट असते. ती दिवसभर उभं राहिल्यावर वाढते आणि आडवं झाल्यावर शमते. हा फरक लक्षात ठेवा, पुढे दोनदा उपयोगी पडणार आहे.

दिवस राहण्याआधीचे सहा महिने

हातातल्या बोटांच्या संधिवातात गर्भारपणात अनेकींना आराम पडतो. ते ऐकून काही जणी 'दिवस गेले की आपोआप बरं वाटेल' अशा आशेवर राहतात. मणक्याच्या संधिवातात ही आशा सहसा फळत नाही. बऱ्याच जणींचं दुखणं मधल्या तीन महिन्यांत वाढतं आणि बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत पुन्हा डोकं वर काढतं. म्हणून तयारी आधी करायची.

१. संधिवाततज्ज्ञांना 'मूल हवं आहे' हे स्पष्ट सांगा. ते आपणहून विचारतीलच असं नाही. तुमच्या औषधांचा आराखडा त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या: काय चालू, काय बंद, कितव्या आठवड्यात, दुखणं उसळलं तर काय. तो कागद स्त्रीरोगतज्ज्ञांच्या फाइलमध्ये लावा. गावात संधिवाततज्ज्ञ नसले तर एकदा मोठ्या शहरात जाऊन हा आराखडा आणा. मुंबईच्या केईएम रुग्णालयात संधिवाताचा स्वतंत्र विभाग आहे.

२. आजार तीन ते सहा महिने शांत राहू द्या, आणि तोही बाळाला चालणाऱ्या औषधांवर. औषध बदललं की ते लागू पडतंय का, हे दिवस राहण्याआधी कळलेलं बरं.

३. एक्स-रे, एमआरआय, क्षयाची तपासणी आत्ताच उरका. बायोलॉजिक इंजेक्शनं (म्हणजे पुढे औषधांच्या यादीत येणारी टीएनएफविरोधी इंजेक्शनं आणि सेक्युकिनुमॅब) सुरू करण्याआधी दबा धरून बसलेला क्षय नाही ना, हे बघावंच लागतं. त्यात छातीचा एक्स-रे येतो. नंतर गरज पडलीच तर गर्भारपणात एमआरआय होऊ शकतो, पण त्यात शिरेतून द्यायचं गॅडोलिनियम टाळतात.

४. फॉलिक अ‍ॅसिड सुरू करा. सल्फासालाझिन घेत असाल तर नेहमीच्या मात्रेपेक्षा जास्त लागतं, कारण ते औषध फॉलिक अ‍ॅसिड शोषू देत नाही. मात्रा डॉक्टरांकडून घ्या.

५. मांडीचा खुबा तपासून घ्या. पाय बाजूला किती फाकतात, हे आज पाहिलं की प्रसूतीचा विचार वेळेवर करता येतो.

६. घरात सांगा. ही पायरी लिहायला सोपी आणि करायला फार अवघड आहे, हे मला ठाऊक आहे. लग्न जमवताना हा आजार लपवला गेलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. माहेरच्यांनीच 'तिकडे काही बोलू नकोस' असं बजावलेलं असतं. मग गोळ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात, इंजेक्शन मैत्रिणीच्या फ्रिजमध्ये. दिवस राहिले की सासरी काळजी घेणारे हात वाढतात, नजरा वाढतात, आणि लपवून घ्यायचं औषध सर्वांत आधी सुटतं. निदान नवऱ्याला तरी डॉक्टरांकडे सोबत न्या. कोणतं औषध बाळाला चालतं, हे त्यांनी डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की घरातला निम्मा वाद मिटतो.

दिवस राहायला वेळ लागत असेल तर आणखी एक गोष्ट. रोज घेतलेल्या सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांमुळे काहींच्या बाबतीत बीजांड वेळेवर सुटत नाही. त्या काही महिने थांबवून पाहायच्या का, हे विचारा.

पुरुष रुग्णांसाठी थोडक्यात: सल्फासालाझिनने शुक्राणू कमी होऊ शकतात, पण औषध थांबवल्यावर साधारण तीन महिन्यांत संख्या पूर्ववत होते. टीएनएफविरोधी इंजेक्शनं मूल हवं म्हणून थांबवण्याची गरज सहसा नसते.

औषधांची यादी, एकेक करून

ही यादी प्रिस्क्रिप्शन नव्हे. आपला आराखडा तिच्याशी ताडून पाहा आणि फरक दिसला तर प्रश्न विचारा.

*सूज उतरवणारी वेदनाशामकं* (डायक्लोफेनॅक, अ‍ॅसेक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, इंडोमेथॅसिन, आयब्युप्रोफेन). या आजाराचं पहिलं औषध हेच, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. पहिल्या वीस आठवड्यांत, गरज असेल तेव्हा, कमीत कमी मात्रेत डॉक्टर ती देऊ शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० साली विसाव्या आठवड्यानंतर ती टाळावीत असा इशारा दिला, कारण बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. शेवटच्या तीन महिन्यांत तर ती नकोतच, कारण बाळाच्या हृदयाजवळची एक महत्त्वाची रक्तवाहिनी जन्माआधीच मिटू शकते. एटोरिकॉक्सिब आपल्याकडे कंबरदुखीला सर्रास लिहून मिळतं. गर्भारपणात ते घेऊ नका. औषधाच्या दुकानातून 'कमरेची गोळी द्या' म्हणून पट्टी आणायची सवय असेल, तर ती दिवस राहण्याआधीच मोडा. त्या गोळीत नेमकं काय आहे हे कागद वाचल्याशिवाय कळत नाही, आणि एका गोळीत दोन-तीन औषधं एकत्र असतात. डायक्लोफेनॅकचा मलम हेही त्याच जातीचं औषध आहे. 'वरून तर लावायचंय' म्हणून सोडून देऊ नका, विचारा. गर्भारपणात रक्तदाब वाढू नये म्हणून देतात ती लहान मात्रेची अ‍ॅस्पिरिन मात्र वेगळी गोष्ट आहे. या भीतीपोटी ती स्वतःहून बंद करू नका.

*पॅरासिटामॉल.* योग्य मात्रेत चालतं. सूज उतरवत नाही, पण रात्र निभावते.

*सल्फासालाझिन.* फॉलिक अ‍ॅसिडसोबत नऊही महिने चालतं. मणक्यापेक्षा गुडघे, घोटे सुजत असतील तर जास्त उपयोगी.

*मेथोट्रेक्सेट.* निदान एक ते तीन महिने आधी बंद. आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी म्हणून हिला कमी लेखू नका. गर्भपात आणि बाळात व्यंग, दोन्हींचा धोका आहे. ती चालू असेपर्यंत खात्रीचं गर्भनिरोधक वापरा.

*लेफ्लुनोमाइड.* हे शरीरात फार काळ रेंगाळतं. बंद केल्यावर ते धुऊन काढायला दुसरं औषध द्यावं लागतं, म्हणून याचा विचार सर्वांत आधी करा.

*टोफासिटिनिब आणि त्याच्या जातीच्या गोळ्या.* आधीच बंद करायच्या. या आता स्वस्त झाल्या आहेत आणि अनेकींना इंजेक्शनऐवजी दिल्या जातात, म्हणून हे ठळकपणे सांगते आहे.

*टीएनएफविरोधी इंजेक्शनं.* सर्टोलिझुमॅब वारेतून बाळापर्यंत जवळजवळ जातच नाही. अ‍ॅडालिमुमॅब, इन्फ्लिक्सिमॅब, गोलिमुमॅब आणि त्यांच्या मानाने कमी प्रमाणात एटानरसेप्ट ही जातात, पण मुख्यतः गर्भारपणाच्या उत्तरार्धात. त्यांच्यामुळे बाळात व्यंग वाढल्याचं दिसलेलं नाही. म्हणून दोन रस्ते आहेत. आजार बराच काळ शांत असेल तर ठरलेल्या आठवड्याला थांबणं, किंवा आजार हट्टी असेल तर शेवटपर्यंत घेणं. पहिल्या रस्त्यासाठी ब्रिटनच्या संधिवाततज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांत इन्फ्लिक्सिमॅब विसाव्या आठवड्यापर्यंत, अ‍ॅडालिमुमॅब आणि गोलिमुमॅब अठ्ठाविसाव्यापर्यंत आणि एटानरसेप्ट बत्तिसाव्यापर्यंत असे टप्पे दिले आहेत. दुसरा रस्ता धरला तर बाळाच्या लसींचं गणित बदलतं. ते पुढे वेगळं लिहिलं आहे आणि कृपया ते चुकवू नका.

*सेक्युकिनुमॅब.* अनुभव अजून थोडा आहे. दुसरा इलाज चालत नसेल तरच तज्ज्ञ त्याचा विचार करतात.

*स्टेरॉइड.* मणक्याच्या दुखण्याला तोंडाने घेतलेली स्टेरॉइड फारशी लागू पडत नाहीत. एखाद्या सांध्यात इंजेक्शन देता येतं. जास्त दिवस घेतली तर साखर आणि रक्तदाब तपासत राहावं लागतं.

*पुड्या, भस्मं, 'शंभर टक्के आयुर्वेदिक' कॅप्सूल.* लेबल नसलेली पुडी घेऊन दोन दिवसांत उड्या मारण्याइतकं बरं वाटलं, तर तिच्यात स्टेरॉइड असण्याची दाट शंका घ्या. गर्भवतींमध्ये अशा औषधांमुळे शिशाची विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. ओळखीच्या वैद्यांकडून घेत असाल तरी घटक लिहून घ्या आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.

गोळी चालू असतानाच दिवस राहिले तर

मेथोट्रेक्सेट, लेफ्लुनोमाइड किंवा टोफासिटिनिब असेल तर ती लगेच थांबवा आणि त्याच आठवड्यात दोन्ही डॉक्टरांना भेटा. इतर औषधं न विचारता थांबवू नका. शेवटचा डोस कोणत्या तारखेला घेतला ते लिहून ठेवा. पुढची दिशा त्यावर आणि सोनोग्राफीवर ठरते. 'औषध चालू होतं म्हणजे गर्भ काढायलाच हवा' असा नियम नाही, आणि ठेवायलाच हवा असाही नाही. कायद्याने विसाव्या आठवड्यापर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांच्या मतावर गर्भपात करता येतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर काही ठरावीक परिस्थितींत दोन डॉक्टरांच्या मताने चोविसाव्या आठवड्यापर्यंत. सज्ञान स्त्रीची संमती त्यासाठी पुरेशी आहे. नवऱ्याची किंवा सासऱ्यांची सही कायदा मागत नाही.

नऊ महिने कसे काढायचे

या आजारात औषधाइतकंच काम हालचाल करते, आणि गर्भारपणात घरचे नेमकी तीच बंद करतात. 'जपून, उठू नकोस' हे ऐकायला गोड लागतं, पण दुपारी दोन तास आडवं होऊन उठाल तेव्हा कंबर लाकडासारखी झालेली असते. स्त्रीरोगतज्ज्ञांनी काही कारणाने विश्रांती सांगितली नसेल तर:

- सकाळ-संध्याकाळ वीस मिनिटं चाला. जमत असेल तर पोहा, पाणी पोटाचं वजन उचलतं.
- हात-गुडघ्यांवर ओणवं होऊन पाठ हळूच वर फुगवणं आणि सरळ करणं, दीर्घ श्वासाने छाती फुगवणं, हे रोज करा. बरगड्यांचे सांधे आखडू नयेत म्हणून श्वासाचा व्यायाम महत्त्वाचा आहे.
- पाचव्या महिन्यानंतर उताणं फार वेळ झोपू नका. कुशीवर, दोन गुडघ्यांत उशी घेऊन झोपा.
- उठताना आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, मग हाताने रेटा देऊन बसा. सरळ उठायला जाल तर कळ येईल.
- सकाळी कोमट पाण्याने अंघोळ, कमरेला गरम पाण्याची पिशवी चालते. पोटावर नको.

रक्ताच्या तपासणीत ईएसआर वाढलेला दिसला तर घाबरू नका. गर्भारपणात तो सगळ्यांचाच वाढतो. आजाराचा अंदाज सीआरपी आणि तुमच्या सकाळच्या आखडलेपणावरून जास्त नीट बांधता येतो. खासगी तपासणी परवडत नसेल तर सरकारी केंद्रांत दर महिन्याच्या ९ तारखेला गर्भवतींची तज्ज्ञांकडून मोफत तपासणी होते. तिथेही आजाराचं नाव सांगा आणि कार्डावर लिहून घ्या.

नॉर्मल की सिझेरियन?

एसआय जॉइंट जुळून गेला आहे, एवढ्या कारणासाठी सिझेरियन लागत नाही. या आजारात सिझेरियनचं प्रमाण जास्त दिसतं, पण त्यात आधीच घेतलेल्या निर्णयांचा आणि धास्तीचा वाटा बराच आहे. खरी अडचण खुब्याचे सांधे आखडलेले असले तर येते, आणि तेव्हाही कुशीवर झोपून प्रसूती हा पर्याय विचारता येतो. पाय रिकिबीत अडकवून तासभर उताणं ठेवणं आपल्याला झेपणार नाही, हे प्रसूतीगृहात दाखल होण्याआधी सांगून ठेवा.

त्याहून महत्त्वाची भेट भूलतज्ज्ञांची. बत्तिसाव्या आठवड्याच्या आत त्यांना भेटा आणि मणक्याचे जुने एक्स-रे सोबत न्या. कमरेचे मणके जुळलेले असतील तर कमरेतलं इंजेक्शन देताना सुई शिरायला त्रास होतो. मान ताठ असेल तर पूर्ण भूल देताना श्वासनळीत नळी घालणं अवघड जातं, आणि त्यासाठी खास दुर्बिणीची तयारी लागते. रात्री दोन वाजता घाईच्या सिझेरियनच्या टेबलावर हे पहिल्यांदा कळणं कुणाच्याच हिताचं नाही. गावच्या छोट्या रुग्णालयात ही सोय नसेल तर प्रसूती कुठे करायची, ते सातव्या महिन्यात ठरवा. प्रथेप्रमाणे पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असेल तर हा प्रश्न माहेरच्या गावापुरता विचारा.

बीसीजीची लस: जन्माच्या दिवशीचा धोका

आपल्याकडे बाळ जन्मलं की बीसीजी, पोलिओचे थेंब आणि हेपॅटायटिस बीची लस देऊनच घरी पाठवतात. वेळापत्रक तसंच आहे आणि एरवी ते योग्यच आहे. पण बीसीजीत दुर्बळ केलेले जिवंत जंतू असतात. तुम्ही गर्भारपणाच्या उत्तरार्धात अ‍ॅडालिमुमॅब, इन्फ्लिक्सिमॅब यांसारखं इंजेक्शन घेतलं असेल, तर ते बाळाच्या रक्तात काही महिने राहतं आणि त्या जंतूंना आवर घालण्याची बाळाची ताकद कमी पडू शकते. आईने इन्फ्लिक्सिमॅब घेतलेल्या इंग्लंडमधल्या एका बाळाचा बीसीजीनंतर मृत्यू झाल्याची नोंद २०१० साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तेव्हापासून जगभरचे डॉक्टर याबाबत सावध आहेत.

म्हणून:

- छत्तिसाव्या आठवड्याला संधिवाततज्ज्ञांकडून एक चिठ्ठी घ्या: कोणतं इंजेक्शन, शेवटचा डोस कधी, कोणती लस कधीपर्यंत पुढे ढकलायची.
- तीच ओळ माता व बाल संरक्षण कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहा. प्रसूतीच्या वेळी सोबत असणाऱ्या आई-सासूला तोंडी सांगा. लस देताना तुम्ही गुंगीत असाल, त्या नाही.
- बीसीजी साधारण सहा महिन्यांनी देतात. इन्फ्लिक्सिमॅबसाठी युरोपातल्या सूचना बारा महिने थांबायला सांगतात, आणि आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात बीसीजी वर्षभरापर्यंतच मिळते. हा पेच बालरोगतज्ज्ञांशी आधीच बोलून सोडवा. तोवर घरात कुणाला जुनाट खोकला असेल तर त्याची क्षयाची तपासणी करून घ्या.
- पोलिओचे आणि रोटाव्हायरसचे थेंबही जिवंत लसीचे असतात. त्यांचं काय करायचं ते बालरोगतज्ज्ञ ठरवतील.
- बाकीच्या लसी, म्हणजे पेंटाव्हॅलंट, न्यूमोनियाची, पोलिओचं इंजेक्शन, वेळेवरच द्या. 'सगळ्याच लसी सहा महिने नकोत' असा अर्थ काढू नका.

सर्टोलिझुमॅब घेतलं असेल किंवा इंजेक्शन ठरलेल्या आठवड्याला थांबवलं असेल तर बहुतेकदा वेळापत्रक बदलावं लागत नाही. पण तेही चिठ्ठीवर लिहिलेलं असू द्या.

सव्वा महिना

माझ्या मुलीच्या वेळी माहेरी मला बारा दिवस बाजेवरून उठू दिलं नाही. प्रेमानेच. खाली शेगडी, वर गोधडी, डोक्याला रुमाल. तेराव्या दिवशी, बारशाच्या दुसऱ्या दिवशी, मान वळेना आणि बाळाला कुशीत घेता येईना. 'बाळंतीण आहे, अंगात वारं शिरलंय' एवढंच निदान झालं. आजार उसळला आहे हे कळायला आणखी दोन महिने गेले.

रूढी टाकून द्या असं मी म्हणणार नाही. तिच्यात फार मायेच्या गोष्टी आहेत. आयतं गरम जेवण, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेक, हलक्या हाताने तेल लावणं, धुणं-भांडी दुसऱ्या कुणी करणं, हे सगळं घ्या आणि आनंदाने घ्या. बदलायचं ते एवढंच:

- डॉक्टरांनी परवानगी दिली की दुसऱ्या दिवसापासून दर दोन तासांनी उठून खोलीत फेरी मारा.
- मधे झोळ पडलेल्या बाजेऐवजी सपाट, घट्ट गादीवर झोपा.
- शेगडीचा आणि ओव्याच्या धुरीचा धूर बंद खोलीत नको. तो बाळाच्या फुफ्फुसांना त्रास देतो. शेक गरम पिशवीने घ्या.
- पोट इतकं घट्ट बांधू नका की छाती फुगणार नाही.
- पाय लांब करून, त्यावर बाळाला घेऊन न्हाऊ घालणं आपल्या कमरेचं काम नव्हे. ते आजीला किंवा न्हाऊ घालणाऱ्या बाईंना करू द्या.
- उसण भरली म्हणून पायाळू माणसाकडून पाठीला लाथ लावून घेणं, पाठीवर पाय देणं, मान 'मोडणं' हे कदापि नको. जुळलेले मणके ठिसूळ असतात, ते मोडू शकतात.

पाजताना बाळाला छातीशी आणा, स्वतः बाळावर वाकू नका. ताठ पाठीची खुर्ची, मांडीवर उशी, पायाखाली पाट. रात्री कुशीवर पडून पाजता येतं, फक्त तशीच झोप लागून बाळ दबणार नाही याची काळजी घ्या. लंगोट बदलायला कमरेइतक्या उंचीचं टेबल करा आणि एक हात कायम बाळावर ठेवा. पाळणा उंच बांधा, जमिनीलगतची झोळी नको.

अंगावर पाजताना औषधं

बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत दुखणं उसळणं इतकं नेहमीचं आहे की औषध पुन्हा कधी सुरू करायचं, हे आठव्या महिन्यातच ठरवून ठेवावं. आयब्युप्रोफेन, पॅरासिटामॉल आणि टीएनएफविरोधी इंजेक्शनं पाजताना चालतात. टाके बरे झाले आणि ताप नाही, की इंजेक्शन सहसा पुन्हा सुरू करता येतं. सल्फासालाझिन निरोगी, पूर्ण दिवसांच्या बाळाला चालतं. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल, त्याला कावीळ असेल किंवा जी६पीडीची कमतरता असेल तर आधी बालरोगतज्ज्ञांना विचारा. मेथोट्रेक्सेट आणि टोफासिटिनिब पाजताना नकोत. पाजणं सोडल्याशिवाय आजाराला औषधच नाही असं कुणी सांगितलं तर दुसरं मत घ्या. आणि दुखणं इतकं असह्य आहे की पाजणं झेपतच नाही, अशी वेळ आली तर वरचं दूध द्या. त्याचा ठपका स्वतःवर घेऊ नका.

पुढच्या मुलाआधी शरीराला उसंत हवी. तांबी या आजारात चालते.

बाळंतपणानंतरच पहिल्यांदा कंबर धरली असेल तर

इथे दोन उलट्या चुका होतात. पहिली: 'सिझेरियनच्या वेळी कमरेत इंजेक्शन दिलं, तेव्हापासून दुखतंय.' या एका वाक्याखाली अनेकींचं निदान वर्षानुवर्षं दडून राहतं. सुई टोचलेली जागा काही दिवस दुखते, पण पहाटे तीनला उठवणारं आणि चालल्यावर कमी होणारं दुखणं त्या सुईचं नसतं. सुरुवातीला दिलेल्या खुणा पुन्हा वाचा. तीन महिन्यांनंतरही त्या जुळत असतील तर संधिवाततज्ज्ञांकडे जा.

दुसरी चूक घाईची. बाळंतपणानंतर लगेच एमआरआय केला तर निरोगी बायकांच्याही एसआय जॉइंटमध्ये सूज दिसते, कारण प्रसूतीचा ताण त्या सांध्यांवरच पडतो. ती काही महिने टिकते. एचएलए-बी२७ ही रक्ताची तपासणी सकारात्मक आली तरी एवढ्यावर आजार ठरत नाही. तो जनुक असलेल्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही. तेव्हा नुसत्या रिपोर्टवर आयुष्यभराचं औषध सुरू करू नका. लक्षणं, तपासणी आणि थोडा काळ, तिन्ही एकत्र पाहणारे डॉक्टर शोधा.

या वेळी थांबू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा

- गर्भारपणात कंबर ठरावीक अंतराने कळा देऊ लागली, पाणी किंवा रक्त गेलं. आजाराचं दुखणं समजून घरी बसू नका.
- डोळा लाल, दुखरा, उजेड सहन होत नाही. या आजारात डोळ्याच्या आत सूज येते. दुकानातले थेंब न टाकता नेत्रतज्ज्ञांकडे जा.
- पायांतली ताकद गेली, शी-शूच्या जागी बधिरपणा आला, लघवी अडली किंवा नकळत झाली.
- पडल्यावर पाठीत किंवा मानेत अचानक नवं दुखणं सुरू झालं.
- बायोलॉजिक घेत असताना ताप आला, किंवा बाळंतपणानंतर तापासोबत एकाच कुल्ल्यात जबर दुखू लागलं. सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो.
- एक पिंढरी सुजली, दुखू लागली, धाप लागली.

नोकरी आणि हक्क

दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी, आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलेल्या स्त्रीला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. त्यातले आठ आठवडे प्रसूतीआधी घेता येतात. गर्भारपण किंवा बाळंतपणामुळे आजार उद्भवला तर वैद्यकीय दाखल्यावर आणखी एक महिन्यापर्यंत रजा मिळू शकते. ही तरतूद फारशी कुणी वापरत नाही. डॉक्टरांच्या दाखल्यावर 'बाळंतपणानंतर आजार उसळला' हे स्पष्ट लिहून घ्या, नुसतं 'पाठदुखी' लिहिलं तर अर्ज अडतो. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजण्यासाठी सुट्टी, आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तर पाळणाघर, हेही हक्क आहेत. राज्य कामगार विमा योजनेत असाल तर प्रसूतीचा लाभ तिथून मिळतो.

सरकारी रुग्णालयात प्रसूतीच्या वेळी सोबत एक स्त्री ठेवण्याची मुभा २०१६ पासून आहे. जिला कूस बदलायला हात लागतो, तिने ती मागून घ्यावी. मणक्यांची हालचाल कायमची कमी झाली असेल तर जिल्हा रुग्णालयात अपंगत्वाची टक्केवारी तपासून घ्या. ४० टक्के किंवा जास्त भरली तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे लाभ मिळतात. आरोग्य विम्यात आजार लपवू नका, लपवलेल्या आजारामुळे दावा नाकारला जाऊ शकतो. बायोलॉजिक इंजेक्शनांचा खर्च मिळेल का, हे कंपनीकडून लेखी घ्या.

बाळालाही होईल का?

हा प्रश्न सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात हळू आवाजात विचारला जातो. तुमच्यात एचएलए-बी२७ जनुक असेल तर तो बाळात येण्याची शक्यता साधारण निम्मी. पण जनुक येणं म्हणजे आजार येणं नव्हे. तो जनुक आलेल्या मुलांपैकीही बहुतेकांना आजार होत नाही. बाळाचं रक्त या तपासणीसाठी पाठवू नका. त्यातून आज करण्यासारखं काही निघत नाही, आणि त्या मुलाकडे पाहण्याची घरच्यांची नजर मात्र बदलते. ते मोठं होऊ द्या, खेळू द्या. पंधरा-वीस वर्षांचं झाल्यावर कधी सकाळी कंबर धरते किंवा डोळा लाल होऊन दुखतो म्हणालं, तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगा की आईला हा आजार आहे.